ऑपरेशनचं कुणाला सांगायचं?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लोक लिहून ठेवतात. 'हे इतरांना सांगायचं का?' हा प्रश्न सहसा त्यात नसतो, पण अनेकांची झोप उडवतो तो हाच. 'सोपा मार्ग धरला' हा शेरा कुणालाच नको असतो.

ही भीती उगाच नाही. मानसशास्त्रातल्या काही प्रयोगांत लोकांना एकाच व्यक्तीची माहिती वाचायला दिली. उतरलेलं वजनही तेवढंच. काहींना सांगितलं, आहार-व्यायामाने उतरलं. काहींना सांगितलं, ऑपरेशनने. ऑपरेशनचं वाचणाऱ्यांनी त्याच व्यक्तीला जास्त आळशी ठरवलं.

शरीरशास्त्र मात्र वेगळं सांगतं. खाणं कमी करून वजन उतरवलं की शरीराला ती उपासमार वाटते. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात वाढतं, पोट भरल्याचं कळवणारी संप्रेरकं घटतात, विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संप्रेरकांमधले हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते. उतरलेलं वजन परत चढतं, त्याचं मोठं कारण इथे आहे. एवढं माहीत असताना सगळं खापर मनोनिग्रहावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

शस्त्रक्रिया नेमकी या यंत्रणेतच हस्तक्षेप करते. तिचे दोन प्रकार सर्रास होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात, आणि घ्रेलिन प्रामुख्याने तयार करणारा वरचा भाग त्यातच जातो. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात; मग जेवणानंतर जीएलपी-1 हे भूक शमवणारं आणि रक्तातली साखर उतरवायला मदत करणारं संप्रेरक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतं. त्यामुळे वजन फारसं उतरायच्या आधीच कित्येकांची मधुमेहाची औषधं कमी करावी लागतात. बाकी सोपं म्हणावं असं यात काही नाही. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. पहिल्या काही महिन्यांत केसही गळतात.

तरीही हे सगळं प्रत्येकाला समजावत बसायची सक्ती तुमच्यावर नाही. चार घासांत ताट बाजूला सारलं की शेजारचा विचारणारच, 'एवढंच?' त्यावर 'पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडं थोडंच खायचं असतं' एवढं पुरे. ते खरंही आहे. एकच गोष्ट मला खटकते. वजनाशी झगडणारं कुणी कळकळीने विचारतं, 'कसं जमलं?' आणि उत्तर मिळतं, 'रोज चालायला जायचो, बस्स.' ऐकणारा तेवढंच चालतो, वजन हलत नाही, आणि दोष स्वतःला देतो. त्यापेक्षा 'डॉक्टरांच्या मदतीने' म्हणावं आणि विषय तिथेच थांबवावा.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र निवड नाही. दहा वर्षांनी दात दाखवायला गेलात तरी सांगायचं. कारण आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी, विशेषतः बायपासनंतर, पोटात व्रण (अल्सर) होण्याचा धोका वाढतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही. गरोदरपणात मधुमेह तपासायला ग्लुकोजचं पाणी पाजतात, तेही बायपास झालेल्या बाईला सोसेलच असं नाही. घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. शिवाय बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडं आतल्या फटीत अडकून पोटात असह्य कळा येऊ शकतात. अशा वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनची कल्पना नसेल तर निदानाला उशीर होतो, आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेलच याची खात्री नसते. म्हणून घरातल्या निदान एका माणसाला ऑपरेशन झाल्याचं आणि ते स्लीव्ह की बायपास हे ठाऊक हवं, आणि डिस्चार्जचा कागद त्याला सापडेल अशा जागी हवा.