कापलेला ऑइल फिल्टर: खोट फिल्टरची की खूण इंजिनाची?

वापरून झालेला कंपनीचा ओरिजिनल ऑइल फिल्टर कापून त्याचा दर्जा पाहणं ही चांगली सवय आहे. पण डबा उघडल्यावर जे पहिल्यांदा नजरेत भरतं, त्याचा फिल्टरच्या दर्जाशी बहुतेक वेळा फारसा संबंध नसतो. काळा पडलेला कागद, चुण्यांतला चकचकीत चुरा, तळाचा गाळ ही सगळी इंजिनाची, ऑइलची आणि ते किती किलोमीटर चालवलं याची खबर. फिल्टर कसा बनवला होता हे कळतं ते कागदाचा सांधा, टोकाच्या चकत्या, रबराचा पडदा, बायपास व्हॉल्व्हची (कागद चोंदला की ऑइलला थेट वाट देणाऱ्या झडपेची) बैठक आणि चुण्यांची मांडणी यांवरून. या दोहोंची गल्लत झाली की एक तर चांगला फिल्टर बदनाम होतो, नाहीतर इंजिनातला बिघाड फिल्टरच्या नावावर खपून जातो. त्यातली दुसरी चूक फार महागात पडते.

म्हणून निवाडा करायचा असेल तर त्याच पार्ट नंबरचा एक कोरा फिल्टरही कापा. वापरलेल्यात दिसलेला दोष कोऱ्यातही असेल तर तो कारखान्यातून आलेला आहे. कोऱ्यात नसेल तर तो वापरात आला आहे आणि त्याचं कारण शोधावं लागेल. एवढी एक तुलना केली तरी निम्मे वाद मिटतात. एक खबरदारी मात्र घ्या. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, माले, मान-हुमेल, डेन्सो यांसारख्या पुरवठादारांकडून घेतात. एकाच नंबरचा माल वेगवेगळ्या कारखान्यांतूनही येऊ शकतो. डब्यावरचा देश आणि बॅच कोड जुळत असेल तरच ती तुलना खरी.

कापण्याची पद्धत

फिल्टर चूडीचं (इंजिनावर आवळायच्या आट्यांचं) तोंड खाली करून रात्रभर निथळू द्या. रबराच्या पडद्यामुळे आत ऑइल अडून राहत असेल, तर चूडीभोवतीच्या छोट्या भोकांतून बोथट काडीने पडदा थोडा दाबा. कापायला गोल फिरणारं फिल्टर कटर वापरा. हॅक्सॉ किंवा ग्राइंडर लावलात तर पत्र्याचा कीस कागदात जातो आणि मग इंजिनातून आलेलं लोखंड कोणतं नि करवतीचं कोणतं, हे कुणालाच सांगता येत नाही. कटरची चाकं चूडीच्या बाजूच्या दुमडलेल्या कडेला लागून ठेवा आणि दर फेरीला थोडंच आवळा.

आतला भाग बाहेर आला की लगेच चाकू लावू नका. आधी मधल्या जाळीच्या नळीत पांढरा, धागे न सुटणारा कपडा घालून फिरवा. ऑइल बाहेरून आत वाहतं, म्हणजे नळीची आतली बाजू ही गाळलेल्या ऑइलची. तिथे कपड्यावर खरखरीत कण आले तर ऑइल कागद टाळून गेलं आहे. ते बायपासमधून गेलं असेल, सांध्यातून किंवा चकतीच्या कडेने. ही तपासणी नंतर करता येत नाही, कारण चाकू लागला की सगळं एकत्र होतं.

त्यानंतर धारदार चाकूने दोन्ही चकत्यांलगत कागद कापा, सांध्यापाशी उभा चिरा आणि पट्टी सोडवून घ्या. दोन स्वच्छ फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये दाबली की ऑइल निघून जातं. मग चांगल्या उजेडात पसरा. कागदाची लांबी आणि रुंदी इथेच मोजून लिहून ठेवा. चुण्या मोजून फिल्टरची बरोबरी करणारे पुष्कळ भेटतात, पण खरा आकडा क्षेत्रफळाचा. ६ सेंटिमीटर उंचीच्या दोन फिल्टरांपैकी एकात १.५ सेंटिमीटर खोल ५० चुण्या असतील तर, प्रत्येक चुणीच्या दोन्ही बाजू धरून, ९०० चौरस सेंटिमीटर कागद होतो. दुसऱ्यात १ सेंटिमीटर खोल ६० चुण्या असतील तर फक्त ७२०.

काळा कागद आणि ‘चांगला गाळला’ हा समज

कागद काळाकुट्ट निघाला की कुणी म्हणतं फिल्टरने भरपूर घाण पकडली, कुणी म्हणतं फिल्टर चोंदला. दोन्ही अंदाज चुकीचे ठरू शकतात. डिझेल इंजिनाच्या काजळीचे मूळ कण एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान असतात आणि ते कागदातून आरपार जातात. ऑइलच काळं असेल तर त्यात बुडालेला कागद काळा होणारच. उघड्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनचा कण दिसतो, तर फिल्टरची कसोटी त्याहून बारीक कणांवर, २०-३० मायक्रॉन किंवा त्याखाली लागते. म्हणून फिल्टर किती बारीक गाळतो हे कापून कधीच कळत नाही. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. खोक्यावर नुसतं ‘९९ टक्के’ लिहिलं असेल आणि किती मायक्रॉनला ते लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

वाकड्या चुण्या आणि विरळ चुण्या

कोऱ्या फिल्टरातल्या सरळ चुण्या वापरानंतर लाटांसारख्या वळलेल्या दिसल्या की ‘स्वस्त कागद’ असा शेरा लगेच येतो. सेल्युलोजचा कागद ओलावा शोषून फुगतो. गाडी रोज थोडंच अंतर चालत असेल, ऑइल नीट तापतच नसेल, तर इंजिनातलं पाणी उडून जात नाही आणि त्याचा परिणाम कागदावर दिसतो. चुण्या वळल्यात पण फाटलेल्या नाहीत, मधलं अंतर साधारण सारखं आहे, तर फिल्टरने आपलं काम केलं. ही खूण वापराची. ऑइल भरायच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ थर दिसतोय का तेही पाहा. तो थर थंडीत आणि छोट्या फेऱ्यांतही येतो. कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र इंजिनाची तपासणी लगेच करा.

विरळ चुण्यांची गोष्ट निराळी. सांध्याच्या शेजारी दोन चुण्यांत बोट जाईल एवढी फट, दुसऱ्या बाजूला चुण्यांची गर्दी, आणि हे कोऱ्या फिल्टरातही तसंच असेल, तर मांडणीतच हलगर्जीपणा झालेला आहे. हा केवळ दिसण्याचा दोष नाही. दाट चुण्या एकमेकींना टेकून दाब सोसतात. फटीच्या कडेची चुणी एकटी पडते, थंड घट्ट ऑइलचा दाब आला की वाकते आणि घडीवर चिरते.

चाकूचा चिरा आणि ऑइलने पाडलेला चिरा

फाटलेला कागद ही फिल्टरवरची सगळ्यात गंभीर तक्रार, म्हणून ती करण्याआधी भिंगाखाली कड पाहा. चाकूने पडलेल्या चिऱ्याची कड सरळ असते आणि कापलेल्या जागी कागदाचा गाभा फिकट दिसतो. चालू इंजिनात फाटलेल्या कागदाची कड विस्कटलेली असते, तंतू आतल्या बाजूला म्हणजे नळीकडे वळलेले असतात आणि कडेवरही ऑइलचा तोच गडद रंग चढलेला असतो. कागद दिव्यासमोर धरून संपूर्ण पट्टी सरकवत पाहा, विशेषतः घडीच्या रेषा आणि सांध्याजवळचे दोन-तीन सेंटिमीटर. सांधा पत्र्याच्या पट्टीने दाबलेला असेल तर ती दोन्ही टोकांपर्यंत सलग पोचते का, चिकटवलेला असेल तर गोंदाची रेषा कुठे तुटते का, हेही तिथेच दिसतं.

फुगलेला डबा आणि चेपलेली नळी

ही दोन लक्षणं सर्रास एकच समजली जातात. डबा बाहेरच्या बाजूला फुगला असेल किंवा गॅस्केट बाहेर ढकललं गेलं असेल, तर संपूर्ण ऑइलचा दाब मर्यादेपलीकडे गेला होता. तो दाब आवरणं हे ऑइल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हचं काम, फिल्टरचं नाही. रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर कितीही जाड पत्र्याचा नवा फिल्टर लावून उपयोग नाही.

मधली नळी आतल्या बाजूला चेपली असेल तर कागदाच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक जास्त झाला होता. हा फरक वाढला की बायपास व्हॉल्व्हने उघडायचं असतं, बऱ्याच फिल्टरांत साधारण १ बारच्या आसपास. तो उघडला नाही, उशिरा उघडला, किंवा नळीच कमजोर होती, असं असेल तर दोष फिल्टरचा. पण फिल्टर मुदतीपेक्षा दुप्पट चालवून गाळाने भरला असेल किंवा थंडीत फार घट्ट ऑइल वापरलं असेल, तर दोष वापराचाही. बोथट लाकडी काडीने बायपासची तबकडी दाबून पाहा. ती सरळ आत जाऊन लगेच परतली पाहिजे. ती अडकत असेल तर का अडकली ते शोधा. बैठकीवर गोंदाचा ठिपका किंवा कागदाचा तुकडा सापडला तर फिल्टर बनवणाऱ्याची चूक, धातूचा कण सापडला तर इंजिनाची. काही इंजिनांत बायपास व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकवरच असतो, तेव्हा फिल्टरमध्ये तो नसणं हा दोष नाही.

रबराचा पडदा

इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली उतरू नये म्हणून चूडीच्या पत्र्याखाली हा पडदा असतो. तो नाइट्राइल रबराचा किंवा सिलिकॉनचा असतो. नाइट्राइल सततच्या उष्णतेने कडक होतं, सिलिकॉन मऊ राहतं. रंगावरून ओळखू नका, काळं सिलिकॉनही मिळतं आणि रंगीत नाइट्राइलही. पुसून कोरडा केलेला छोटा तुकडा उघड्यावर, चिमट्यात धरून जाळला तर सिलिकॉनची पांढरी राख होते. नाइट्राइल काळा धूर सोडून काळं राहतं.

वापरलेला पडदा बोटांत दुमडून सोडा. लगेच सपाट झाला तर ठीक. घडी तशीच राहिली किंवा भेगा पडल्या तर तो कोऱ्या पडद्याशी ताडून पाहा. नेहमीच्या अंतरावर, नेहमीच्या तापमानात काढलेल्या फिल्टरचा पडदा कडक झाला असेल तर रबर हलक्या दर्जाचं. फिल्टर आडवा किंवा चूडी खाली असा बसत असेल तर हे महत्त्वाचं, कारण सकाळी सुरू करताना ऑइलचा दाब उशिरा येतो आणि दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. चूडी वर आणि डबा खाली लोंबत असेल तर पडद्यावर फार काही अवलंबून नसतं.

पडद्याच्या आतल्या ओठाखाली चकतीवर एक गोल ठसा उमटलेला असतो. तो पूर्ण वर्तुळ असला पाहिजे. एखाद्या जागी तुटला असेल आणि तिथून काळसर ओघळ आत गेलेला असेल, तर ऑइल गाळल्याशिवाय तिथूनच जात होतं. मधल्या नळीतल्या कपड्यावर कण आले असतील तर ते बहुधा इथून किंवा चकतीच्या सुटलेल्या गोंदातून आलेले. कापलेल्या फिल्टरमध्ये दर्जाची सगळ्यात खरी साक्ष हा ठसा देतो, आणि त्याकडेच बहुतेक जण पाहत नाहीत.

पुठ्ठ्यासारख्या चकत्या पाहून नाक मुरडण्याचं कारण नाही. फायबरच्या चकत्या कागदाला नीट चिकटलेल्या असतील तर त्या पत्र्याइतक्याच चालतात, आणि पत्र्याच्या चकतीतही गोंद अपुरा असू शकतो. नखाने कागद ओढून पाहा, तो गोंदापासून सुटण्याआधी फाटला पाहिजे. नळीला भोकांऐवजी झडपांसारखे काप असतील तर ते खरोखर उघडे आहेत का हे उजेडाकडे धरून बघा. अर्धवट मिटलेले काप कोऱ्यातही तसेच असतील.

चुरा

इथे फिल्टरचा प्रश्न संपतो आणि इंजिनाचा सुरू होतो. कागदाखालून लोहचुंबक फिरवा. जे हलतं ते लोखंड: चेन, कॅम, गिअर. न हलणारा रुपेरी चुरा अ‍ॅल्युमिनियमचा, पिस्टन किंवा कव्हरचा असू शकतो. तांबूस-पिवळे कण बुश किंवा बेअरिंगच्या आतल्या थराचे. नखाने वाकणारे पातळ, चपटे पापुद्रे दिसले तर बेअरिंगचा वरचा थर सुटतो आहे, आणि मग इंजिन चालवत राहू नका. बोटांत चुरडून भुकटी होणारे काळे कण कार्बनचे असतात. रबरासारखे लांब धागे आधीच्या दुरुस्तीतल्या सीलंटचे. क्लच आणि इंजिन एकाच ऑइलवर चालणाऱ्या मोटरसायकलीत क्लच प्लेटचे गडद तंतू थोडेफार दिसतातच.

नव्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये बारीक चमक येते, ती पार्ट एकमेकांना बसताना पडलेली असते. चालत्या इंजिनात तीच चमक अचानक वाढली तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या, पण कागद फेकू नका. धातू मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीला काही मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात, मोठे पापुद्रे तिच्यातून सुटतात आणि ते कागदावरच सापडतात. पापुद्रे नसतील आणि ऑइलचा दाब ठीक असेल, तर पुढचा फिल्टर पूर्ण मुदतीची वाट न पाहता १००० ते १५०० किलोमीटरवर काढून कापा आणि दोन्ही पट्ट्या शेजारी पसरा. चुरा वाढतोय की थांबलाय ते तेव्हा दिसेल.