चिमटा दिसला म्हणजे इअरविग नव्हे

कुजलेला पालापाचोळा सारला किंवा ओलसर दगड उलटला, की कधी कधी एक सडपातळ, फिकट, बिनपंखी प्राणी पळताना दिसतो. पोटाच्या टोकाला गडद तपकिरी चिमटा. ‘इअरविगचं पिल्लू’, म्हणजे शेपटाशी चिमटा असणाऱ्या कीटकाचं पिल्लू, असं म्हणून बरेचजण तिथेच थांबतात. पण तो जॅपिजिड असू शकतो, आणि जॅपिजिड हा आजच्या वर्गीकरणात कीटकसुद्धा मानला जात नाही.

पंख नाहीत, एवढ्यावरून काही ठरत नाही. इअरविगच्या पिल्लांना पंख नसतात, आणि ‘युबोरेलिया अ‍ॅन्युलिपीस’सारख्या जातीत ते प्रौढपणीही येत नाहीत. चिमटा तर दोघांचाही पोटाच्या शेवटच्या उपांगांचाच बनलेला असतो. सवयींवर जावं, तर दोघांच्याही माद्या अंड्यांची राखण करतात.

म्हणून भिंग आधी डोक्यावर धरावं. इअरविगला, अगदी पिल्लालाही, संयुक्त डोळे असतात. जॅपिजिडला डोळेच नाहीत. इअरविगचे जबडे बाहेर उघडे दिसतात, जॅपिजिडचे डोक्यातल्या पिशवीत दडलेले असतात. मग पाय पाहावेत: इअरविगच्या पावलाचे तीन सांधेखंड, जॅपिजिडचा एकच. मिशांमधला फरक भिंगातून दिसत नाही, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. कीटकाच्या मिशीत स्नायू फक्त बुडाच्या खंडात असतात. जॅपिजिडच्या मिशीत ते शेवटचा सोडून जवळपास प्रत्येक खंडात असतात, त्यामुळे आंधळा असूनही तो मिशांनी माती बारकाईने चाचपत जातो.

जॅपिजिडचा खरा भाऊबंद आहे कॅम्पोडिया, आणि तो दिसायला अगदी वेगळा. त्याला चिमट्याऐवजी दोन लांब, अनेक खंडांचे नाजूक धागे असतात. कीटकतज्ज्ञ वेस्टवूड यांनी कॅम्पोडियाचं वर्णन १८४२ मध्ये केलं, हॅलिडे यांनी जॅपिक्सचं (यावरूनच जॅपिजिड हे नाव आलं) १८६४ मध्ये. दोघेही आंधळे, दोघांचेही जबडे पिशवीत. म्हणून दोघेही डिप्लुरा या गटात. तिसरं कुळ प्रोजॅपिजिड: त्यांची शेपटं आखूड, मोजक्या खंडांची आणि टोकाशी ग्रंथीचं छिद्र असलेली.

कॅम्पोडियाची गल्लत होते ती पुस्तकांना लागणाऱ्या कसरीशी. कसरीला शेपटं तीन, अंगावर खवले आणि डोळे. मात्र नुसती शेपटं मोजू नयेत: कॅम्पोडियाचे धागे हात लागताच तुटतात आणि पुढच्या कातींबरोबर पुन्हा वाढतात. तुटका नमुना हाती आला तर पुन्हा डोकंच पाहायचं. नमुने चिमटीत धरून गोळा करण्यापेक्षा बर्लीज फनेल वापरावं. वरून दिव्याची ऊब दिली, की माती सुकत जाते आणि प्राणी आपणच खालच्या अल्कोहोलात उतरतात.

वर्गीकरणाचा वाद अजून मिटलेला नाही. जबडे पिशवीत असणारे स्प्रिंगटेल आणि प्रोट्युरा (दोन्ही मातीतले सहा पायांचे चिमुकले प्राणी) आणि डिप्लुरा बराच काळ एकाच गटात बसवले जात. २०१४ मध्ये मोठ्या जनुकीय अभ्यासाने डिप्लुराला त्या दोघांपासून वेगळं काढून कीटकांच्या सर्वांत जवळ ठेवलं. ते खरं असेल, तर जबड्यांची पिशवी एक तर दोनदा वेगवेगळी घडली असणार, किंवा ती सर्वांच्या समान पूर्वजाकडेच होती आणि कीटकांनी ती पुढे टाकून दिली.