दोन्ही ज्वालामुखीच्याच, तरी वेगळ्या: प्युमिसची माती आणि आपल्या टेकडीवरचा मुरूम

आमच्या न्हाणीघरात टाचा घासायचे दोन दगड आहेत. एक आजीच्या वेळचा, काळा, भोकाभोकांचा, हातात घेतला की वजन जाणवणारा. दुसरा मी दुकानातून आणलेला, राखाडी, साबणाच्या वडीएवढा पण रिकाम्या काडेपेटीसारखा हलका. एकदा दोन्ही बादलीत टाकून पाहिले. काळा टण्णकन तळाला गेला, राखाडी बुचासारखा तरंगत राहिला. दोघांनाही भोकं, दोघांचा जन्म ज्वालामुखीतला आणि कामही एकच. काळा दगड आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्ट, राखाडी तो प्युमिस.

हे सांगायचं कारण म्हणजे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं लावायला आलेल्या एका मुलीचा प्रश्न. कुदळ मुरमावर आपटून हात झिणझिणले तशी ती म्हणाली, "काकू, आपली माती ज्वालामुखीचीच ना? मग जावा बेटावर जे भसाभसा उगवतं ते इथे का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपण शाळेत "दख्खनचं पठार लाव्हारसापासून बनलं" हे पाठ केलेलं असतं. पुढे कुठेतरी "ज्वालामुखीची माती हलकी, पाणी धरणारी, जंगलाला उत्तम" असं वाचनात येतं आणि दोन वाक्यं मनात आपोआप एकमेकांना चिकटतात. तिथेच घोटाळा होतो. हलकी, पाणी धरणारी हे वर्णन बहुतेक वेळा प्युमिसच्या किंवा ज्वालामुखीच्या राखेच्या मातीचं असतं. आपल्या टेकड्यांना ते लागू पडत नाही.

फरक सुरू होतो तो लाव्हा बाहेर कसा पडला इथून. आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ, वाहता लाव्हा थरावर थर पसरत गेला. घावनाचं पीठ तव्यावर पसरतं तसा. घावनाला जाळी पडते ती वाफ निघून जाताना. आजीच्या दगडाची भोकं त्याच जातीची, प्रवाहाच्या वरच्या भागात अडकलेल्या वायूची. प्युमिसचा लाव्हा मात्र दाट, चिकट आणि वायूने ठासून भरलेला. बेसॉल्टमध्ये सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) साधारण ५० टक्के असते, प्युमिसमध्ये बहुधा ६० ते ७५. सिलिका जितकी जास्त, तितका लाव्हा चिकट. चिकटपणामुळे वायूला सुटायला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो आणि शेवटी डोंगराचा माथाच उडतो. उतू जाणाऱ्या दुधाचा फेस हवेतच गोठावा, तसा हा दगड म्हणजे गोठलेला फेस आहे. तो काचेचा असतो, त्यात स्फटिक थोडेच, आणि निम्म्याहून जास्त जागा पोकळ.

दुसरा फरक वयाचा आहे, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात माझामा नावाचा डोंगर सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला. त्याचा माथा खचला त्या खड्ड्यात आज क्रेटर लेक आहे. आजूबाजूच्या पाइनच्या जंगलांवर प्युमिसची चादर पसरली, जवळ कित्येक मीटर, लांब जावं तशी पातळ. थंड, कोरड्या हवेत ७,७०० वर्षं म्हणजे मातीच्या हिशेबात कालपरवाचीच गोष्ट. तिथे खणलं तर वर सुया आणि पाल्याचा पातळ थर, खाली काही बोटं काळपट माती, आणि त्याखाली जवळपास पडला तसाच फिकट, खडीसारखा प्युमिस. आपल्या बेसॉल्टची बरीचशी भोकं मात्र कोट्यवधी वर्षांत पाझरत्या पाण्यातल्या खनिजांनी बुजवून टाकली. वाघोलीच्या खाणीत निघणारी झिओलाइट नावाच्या खनिजांची स्फटिकं, त्यावरचे कॅव्हॅन्साइट या खनिजाचे निळेशार गोंडे, हे सगळे अशाच पोकळ्यांमध्ये वाढलेले. जगभरचे संग्राहक ज्यासाठी पुण्याचं नाव घेतात, ती बुजलेली भोकं आहेत. बुजलेल्या भोकांत पाणी कुठून साठणार?

उतारावरच्या झाडाचं नशीब पाण्यावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबते. प्युमिसच्या मातीत पाणी दोन ठिकाणी असतं: दाण्यांच्या मध्ये, आणि दाण्याच्या पोटात. त्यामुळे खडीसारखी दिसणारी ही माती आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरते. दुसरी गंमत थरांची. बारीक थराखाली जाड दाण्यांचा थर असेल, तर वरचा थर जवळपास तुडुंब भरेपर्यंत पाणी खाली उतरतच नाही. बारीक छिद्रं ते ओढून धरतात. झाडाच्या दृष्टीने ही बँकेतली ठेव, पण सगळी रक्कम काढता येत नाही, कारण अगदी बारीक पोकळ्यांतलं पाणी मुळांना ओढता येत नाही. ओरेगॉनमध्ये प्युमिसखाली स्फोटापूर्वीची जुनी माती गाडली गेलेली आहे. तिच्यापर्यंत ज्यांची मुळं पोचली, ती झाडं सुखात.

आपल्या टेकडीवर दाणा भरीव, माती वीतभर, कुठे तेवढीही नाही, आणि खाली सरळ पाषाण. पुण्याला वर्षात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. दाण्याच्या पोटात जागा नाही, म्हणजे पाणी उतारावरून पळणार किंवा दगडाच्या फटीत शिरणार. म्हणून आपल्याकडे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीवरचे चर खणावे लागतात. दाणा पाणी धरत नाही, ते काम चराने करायचं. फटीत शिरणारं मूळ असेल तेच झाड इथे टिकतं: सालई, मोई, गणेर. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथे उभं राहून बघा. काळा दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत मुरूम होताना दिसतो, आणि त्या पापुद्र्यांमधून केसाएवढी मुळं आत गेलेली असतात. हे बघायला मला कधी कंटाळा येत नाही.

उष्णतेचंही असंच उलटसुलट आहे. कोरडा प्युमिस म्हणजे थर्माकोलच. दिवसाची ऊब खाली उतरू देत नाही आणि रात्री खालची वर येऊ देत नाही. पृष्ठभाग दुपारी भाजतो आणि पहाटे गोठतो. ओरेगॉनच्या सखल, सपाट भागात थंड हवा साचते आणि ऐन उन्हाळ्यातल्या रात्रीही गोठलेलं दहिवर पडून पाँडेरोसा पाइनची कोवळी रोपं मरतात. तिथे दणकट लॉजपोल पाइनच तग धरतो. आपल्याकडे रोप मरतं ते एप्रिलच्या तहानेने.

पोषणात मात्र बेसॉल्ट वरचढ. त्यात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर. त्याचीच माती डोंगरावरून वाहून खाली साचली, मुरली, की फुगणारी आणि भेगाळणारी काळी कापसाची जमीन तयार होते. कच्चा प्युमिस गरीब असतो, नत्र तर फारच कमी. न्यूझीलंडमध्ये टाउपो ज्वालामुखीच्या सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाने पसरलेल्या प्युमिसवर गुरं-मेंढ्या हिरव्या कुरणात चरूनही खंगून मरत. १९३०च्या दशकात उलगडा झाला: मातीत कोबाल्ट फारच कमी. त्याशिवाय जनावराच्या पोटात बी-१२ जीवनसत्त्व बनत नाही, हे त्यानंतर कळलं. त्याच प्युमिसवर रेडियाटा पाइनची कैंगारोआसारखी अफाट जंगलं मात्र उभी राहिली.

आता त्या मुलीच्या जावाकडे येते. तिथली सुपीकता प्युमिसच्या खडीची नाही. ती बरीचशी बारीक राखेची, आपल्या बेसॉल्टशी जवळीक सांगणाऱ्या लाव्हाची, आणि गरम, दमट हवेची आहे. बारीक राख लवकर कुजते, म्हणजे ऊन-पाण्याने बदलून तिची माती होते, आणि मेरापीसारखे ज्वालामुखी अधूनमधून नवी राख घालत राहतात. आपल्याला अशी नेहमीची भर कोट्यवधी वर्षांत मिळालेली नाही.

उतार कोसळण्याबद्दलही हे दोन प्रकार गल्लत करून बोलले जातात, आणि ते मला मनापासून टोचतं, कारण तिथे माणसं जातात. जपानच्या होक्काइदो बेटावर ६ सप्टेंबर २०१८च्या पहाटे भूकंप झाला आणि अत्सुमाच्या आसपासच्या जंगली डोंगरांवर एकाच दमात हजारो दरडी सुटल्या. तारुमाए ज्वालामुखीच्या सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या प्युमिसचा थर तळाशी कुजून चिकणमातीसारखा झाला होता, पाण्याने भिजलेला. धक्का बसला आणि वरची माती झाडांसकट घसरली. घसरण्याची पातळी मुळांच्या खाली होती, जंगल तिला धरू शकलं नाही. आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीणला ३० जुलै २०१४ रोजी दरड आली ती मुसळधार पावसाने, कातळावरच्या कुजलेल्या बेसॉल्टच्या जाड थरात पाणी भरून. दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथे भूकंप लागला, इथे पाऊस पुरला. त्यामुळे "झाडं लावली की डोंगर धरला" हे दोन्हीकडे अर्धंच खरं आहे. कातळ किती खोल आहे आणि पाणी कुठून बाहेर पडतंय, हे आधी बघावं लागतं.

कुंडीवाल्यांसाठी एक गोष्ट. अडेनियमच्या रोपासाठी मी ऑनलाइन "प्युमिस" मागवला होता. पिशवीत निघाले लालसर खडे. पाण्यात टाकले तर लगेच बुडाले, आणि नखाने खरवडल्यावर पाणी विटेसारखं तांबडं झालं. खरा कोरडा प्युमिस निदान काही वेळ तरी तरंगतो, आणि भिंगाखाली त्याच्या भोकांच्या कडा काचेसारख्या चमकतात. जपानहून येणारी कानुमा माती ही मुळात प्युमिसच, फक्त कुजून इतकी मऊ झालेली की चिमटीत चुरडते. आपला मुरूम चाळून कुंडीत वापरायला काहीच हरकत नाही, निचरा उत्तम होतो. पाणी धरायला मात्र त्यात कोकोपीट किंवा शेणखत घालावं लागेल.

एवढं सगळं वेगळं असलं तरी पुणे जिल्ह्यात प्युमिसचा सख्खा नातेवाईक आहे. जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीच्या काठावर आणि बारामती तालुक्यात मोरगावजवळ कऱ्हेच्या काठावर नदीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर सापडतो. त्याच्या वयावरून अभ्यासकांत बरेच वाद झाले. तो सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा, हे मत सर्वाधिक मानलं जातं. टोबाचा शेवटचा प्रचंड स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या वाकड्या काचा, प्युमिसचाच भुगा. चिमूटभर बोटांत घेऊन चोळली तर पिठासारखी लागते, आणि मग एक बारीक किरकिर जाणवते.