परस्परसंवादी वेब-साधन आणि स्थिर वेबपान (शिक्षण)

स्थिर वेबपान सर्वांना एकच मजकूर दाखवते. परस्परसंवादी साधन विद्यार्थ्याने भरलेला आकडा घेऊन उत्तर काढते. खानदेशातल्या केळीचेच गणित घ्या. ‘५ × ५ फुटांवर एकरी सुमारे १,७४२ खोडे बसतात’ हे स्थिर पानावरचे विधान. साधनात दोन ओळींतले आणि दोन खोडांतले अंतर अशा दोन चौकटी असतात; एकराच्या ४३,५६० चौरस फुटांना त्यांच्या गुणाकाराने भागले जाते. पहिल्या चौकटीत ६ टाकले की १,४५२. एका फुटाने २९० खोडे कशी घटली, हा प्रश्न मुलाला तिथेच पडतो.

हा हिशोब ब्राउझर जावास्क्रिप्टने, म्हणजे पानासोबत येणाऱ्या कोडच्या भाषेने, स्वतःच करतो. त्यामुळे साधनाची फाइलही साध्या, नुसत्या फाइली पुरवणाऱ्या स्थिर सर्व्हरवरून देता येते. उलट ‘पुढे’ दाबून चित्रे सरकवणारे पान हलते खरे, पण विद्यार्थ्याचे काहीच ऐकत नाही.

बिघाड बहुधा चौकटीत होतो. मराठी कळफलकावरून देवनागरी ‘५’ आला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही आणि उत्तराच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, उमटते. आकड्यापुढे ‘फूट’ लिहिले तरी तेच. म्हणून हिशोबाआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत आणि एकक चौकटीबाहेर छापावे. रिकामी चौकट शून्य धरली जाते आणि भागाकार ‘इन्फिनिटी’, म्हणजे ‘अनंत’, दाखवतो. सर्वांत घातक चूक बेरजेतली. कुंपणासाठी १०० आणि ५० मिळवले तर १००५० येतात, कारण चौकटीतून येतो तो मजकूर. गुणाकारात त्याची आपोआप संख्या होते, बेरजेत नुसती जोडणी. आणि उत्तर दिसते संख्येसारखेच.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागात सगळीकडे रेंज मिळत नाही, तेव्हा साधन पेनड्राइव्हवरूनही चालायला हवे. आकड्यांची फाइल वेगळी ठेवली तर तिथून उघडलेल्या पानाला ब्राउझर सुरक्षेपोटी ती वाचू देत नाही: चौकटी दिसतात, आकडे येत नाहीत. कोड, चित्रे, मजकूर एकाच फाइलमध्ये घालावे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे विज्ञान-गणिताचे पडद्यावरचे प्रयोग, अशीच एका फाइलमध्ये उतरवता येतात. त्यांतली कित्येक मराठीत आहेत.

टिकाऊपणात स्थिर पान सरस. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या ब्राउझरमध्ये हलती चित्रे चालवणाऱ्या जुन्या तंत्राचा आधार संपला आणि त्यावर बांधलेली साधने बंद पडली; त्याआधीची साधी पाने आजही उघडतात, छापताही येतात. व्याख्या, नकाशा, अहिराणी शब्दांची यादी यांना स्लायडर (आकडा बदलणारी सरकपट्टी) लावून काही साधत नाही.

वर्गात आधी वहीत अंदाज लिहून घ्यावा, मग चौकट भरू द्यावी. नाहीतर मुले स्लायडर दोन्ही टोकांना नेऊन मोकळी होतात. चाचणीची उत्तरे ब्राउझरमध्येच तपासली जात असतील तर पानाचा मूळ कोड उघडून ती वाचता येतात. सरावाला चालते, गुण द्यायचे असतील तर तपासणी सर्व्हरवरच हवी.