कार्बामाझेपिन : स्वतःचाच निचरा वाढवणारी गोळी

फिटची गोळी सुरू झाली, पहिले दोन-तीन आठवडे बरे गेले आणि मग पुन्हा फिट आली, की घरात हमखास म्हटले जाते, ‘औषध अंगवळणी पडले, आता गुण येत नाही.’ कार्बामाझेपिनच्या बाबतीत हा समज खरा नाही, आणि त्यापायी गोळीच बंद केली तर ते जिवावर बेतू शकते. मेंदूला औषधाची सवय झालेली नसते. रक्तातले औषधच कमी झालेले असते, आणि ते कमी होण्याची सोय त्या औषधानेच केलेली असते.

हे रसायन १९५३ साली स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर यांनी शोधले. त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतातले ‘सीवायपी ३ए४’ हे विकर, म्हणजे एन्झाइम, लावते. ते कार्बामाझेपिनच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडून त्याचे इपॉक्साइड बनवते. दुसरे विकर त्यात पाणी मिसळवते आणि तयार झालेला पदार्थ लघवीवाटे बाहेर जातो. आता खरी गंमत पाहा. यकृताच्या पेशींत पीएक्सआर आणि सीएआर नावाची, परक्या रसायनांची चाहूल घेणारी प्रथिने असतात. कार्बामाझेपिनमुळे ती जागी होतात, पेशीकेंद्रात आरएक्सआर या जोडीदारासह डीएनएवर नेमक्या जागी बसतात, आणि ३ए४च्या जनुकाच्या नकला भराभर निघू लागतात. नकला वाढल्या की विकर वाढते, विकर वाढले की गोळी लवकर संपते. मात्र हे बेसुमार वाढत नाही, कारण औषध कमी झाले की ती चाहूलही मंदावते. शिवाय विकराचे रेणू सतत झिजत आणि नव्याने बनत असल्याने नवा समतोल साधायला साधारण ३ ते ५ आठवडे लागतात.

पहिल्या गोळीनंतर रक्तातले औषध निम्मे व्हायला २५ ते ६५ तास लागतात. नियमित डोसानंतर १२ ते १७ तास पुरतात. हा काळ ३२ तासांवरून १६ तासांवर आला, तर गोळ्या तेवढ्याच घेऊनही रक्तातली सरासरी पातळी निम्मी होते. म्हणूनच डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढून पातळी तपासतात. ती सहसा दर मिलिलिटरला ४ ते १२ मायक्रोग्रॅम असावी लागते. फिट पुन्हा आली, तर बाहेरची बाधा शोधण्यात दिवस घालवू नयेत. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, आणि श्रेय मात्र कांद्याला जाते.

वाढलेले ३ए४ इतर औषधांनाही सोडत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांची पातळी त्यामुळे इतकी उतरू शकते की त्यांच्यावर विसंबता येत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषधही लवकर संपते, म्हणून त्याचा डोस वाढवावा लागतो. पुढे कार्बामाझेपिन बंद केले की काही आठवड्यांत विकरे पूर्वपदावर येतात, आणि तो वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर रक्तस्राव होऊ शकतो.