लिनक्सवर बाहेरचं साउंड कार्ड: रेकॉर्डिंग होत नसेल तर कुठे बघायचं

आमच्याकडून लिनक्स टाकलेला लॅपटॉप आणि यूएसबी साउंड कार्ड नेणाऱ्यांत गायनाचे क्लास घेणारे आहेत, कीर्तनं-व्याख्यानं जपून ठेवणारी मंडळं आहेत, मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करणाऱ्या शिक्षिकाही आहेत. त्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "गाणी वाजतात, पण माइक घेत नाही." हे पत्रक त्या तक्रारीसाठी आणि तिच्या भावंडांसाठी आहे.

आधी एक विनंती. लगेच लिनक्स पुन्हा टाकायला घेऊ नका आणि इंटरनेटवर सापडलेल्या आज्ञा एकामागून एक चालवून बघू नका. त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या आवृत्त्यांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्या नादात जे वाजत होतं तेही बंद पडतं. आवाज ठरावीक टप्प्यांनी पुढे जातो: माइक, वायर, साउंड कार्ड, यूएसबी, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) अल्सा, म्हणजे कार्डाशी थेट बोलणारा थर, त्याच्यावर वेगवेगळ्या प्रोग्रॅमना आवाज वाटून देणारा पाइपवायर किंवा पल्सऑडिओ आणि शेवटी ऑडॅसिटीसारखा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. तो कुठवर पोचतोय आणि कुठे अडतोय एवढंच शोधायचं. ती जागा सापडली की उपाय बहुतेक वेळा छोटा निघतो.

खाली उल्लेख केलेल्या आज्ञा डब्यातल्या पिवळ्या कार्डावर ओळीने छापल्या आहेत. अक्षर न् अक्षर तसंच टाइप करा, मधल्या मोकळ्या जागेसकट.

वायर आणि माइक

साउंड कार्डाबरोबर आलेली यूएसबी वायर हरवली की मोबाइलच्या चार्जरची वायर लावली जाते. काही चार्जिंग वायरींमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. कार्डाचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला कार्ड दिसत नाही. दिवा लागला म्हणजे वायर चांगली, असं समजू नका.

कार्ड थेट लॅपटॉपमध्ये लावा. यूएसबी 2.0 चं पोर्ट जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर देतं. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि साउंड कार्ड असे तिघे बसले की वीज अपुरी पडू शकते, विशेषतः कंडेन्सर माइकसाठी 48 व्होल्ट चालू केल्यावर.

त्या 48 व्होल्टबद्दल. कंडेन्सर माइकला हा पुरवठा लागतोच. कार्डावरचं '48 व्ही' लिहिलेलं बटण चालू केल्याशिवाय तो मुका राहतो. सभेत हातात धरतात तो साधा डायनॅमिक माइक याशिवाय चालतो. आणि हा पुरवठा फक्त तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीतून जातो. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला जाड 6.35 मिलिमीटरची पिन असलेली वायर वापरली तर कंडेन्सर माइकपर्यंत वीज पोचत नाही, बटण कितीही दाबा.

कॉलरला लावायच्या बारक्या माइकचं दुखणं वेगळं. मोबाइलसाठी बनवलेल्या माइकच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, म्हणजे चार भाग. साउंड कार्डाचा माइक जॅक सहसा तीन भागांच्या पिनेसाठी असतो, त्यामुळे मध्ये छोटा अडॅप्टर लागतो. बोया बीवाय-एम1 सारख्या माइकला वायरीवर एक डबी असते. ती मोबाइलवर असताना बंद ठेवायची असते, पण कॅमेरा किंवा कॉम्प्युटरला लावताना आत बटण-सेल असायला हवा आणि खटका 'कॅमेरा'कडे हवा. आमच्याकडे 'बिघडलेला' म्हणून आलेला माइक कितीतरी वेळा नुसता हा खटका सरकवून बोलू लागतो.

लिनक्सला कार्ड दिसतंय का

कार्डासोबत आलेली ड्रायव्हरची सीडी विंडोजसाठी असते, ती बाजूला ठेवा. आम्ही विकतो ती सगळी कार्डं यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या मानकानुसार चालतात. या मानकाची पहिली आवृत्ती 1998 ची, दुसरी 2006 ची. दोन्हींचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि पिवळ्या कार्डावरची पहिली आज्ञा, एलएसयूएसबी, चालवा. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. यादीत साउंड कार्ड नसेल तर पुढचं काही वाचू नका. वायर बदला, पोर्ट बदला. असेल तर दुसरी आज्ञा, एरेकॉर्ड, यादीच्या पर्यायासह चालवा. ती फक्त रेकॉर्डिंग करू शकणारी कार्डं दाखवते. इथेही तुमचं कार्ड दिसलं म्हणजे हार्डवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही जागेवर आहेत. राहिलेली गडबड सेटिंगची.

फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेतलं तिसऱ्या पिढीचं कार्ड ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. ते नवं असताना पेनड्राइव्हसारखी एक छोटी डिस्कही दाखवतं आणि त्या अवस्थेत त्याची काही नियंत्रणं लिनक्सला मिळत नाहीत. 48 व्ही बटण दाबून धरूनच कार्ड जोडायचं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवायचं. पुढच्या वेळी ती डिस्क दिसत नाही.

मधले सगळे वगळून थेट चाचणी

आम्ही दुकानात सगळ्यात आधी हीच चाचणी करतो, कारण ती अर्धा प्रश्न एका फटक्यात निकालात काढते. ऑडॅसिटी आणि ब्राउझर बंद करा, काही सेकंद थांबा आणि तिसरी आज्ञा चालवा. दहा सेकंद बोला. घरच्या फोल्डरमध्ये 'टेस्ट' नावाची वेव्ह फाइल तयार होईल, ती ऐका.

आवाज आला, तर अल्सापर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष वरच्या थरात आहे. नाही आला, तर खाली: माइक, वायर, गेनचा (माइकचा आवाज किती वाढवायचा त्याचा) नॉब किंवा अल्साची सेटिंग. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा संदेश आला तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने कार्ड धरून ठेवलंय. बहुतेकदा मागे उघडी राहिलेली व्हिडिओ कॉलची खिडकी.

या आज्ञेत कार्डाच्या नावाआधी 'प्लगएचडब्ल्यू' आहे, नुसतं 'एचडब्ल्यू' नाही. नुसत्या 'एचडब्ल्यू'ला कार्डाला जमेल तोच सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) आणि तेवढेच चॅनेल लागतात, नाहीतर ते चूक दाखवून थांबतं. 'प्लगएचडब्ल्यू' मधल्या मध्ये रूपांतर करून घेतं. आम्ही कार्डाचा क्रमांक न छापता नाव छापलंय, तेही मुद्दाम. लॅपटॉप सुरू होताना वेबकॅम आधी ओळखला गेला तर काल एक क्रमांकावर असलेलं कार्ड आज दोनवर जातं. नाव बदलत नाही.

अल्सामिक्सर

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ6 दाबून तुमचं कार्ड निवडा, मग एफ4 दाबून रेकॉर्डिंगची बाजू बघा. पट्टीखाली एमएम दिसलं तर ती बंद आहे. एम दाबल्यावर ओओ होतं. पट्टीवर लाल अक्षरांत 'कॅप्चर' दिसत नसेल तर स्पेसबार दाबा. पट्टी बाणाने वर न्या, पण थेट शंभरावर नको.

गेनचा नॉब अंगावरच असलेल्या मोठ्या कार्डांना इथे कधी कधी एकही पट्टी नसते. तो दोष नाही. त्यांचा आवाज नॉबनेच कमी-जास्त होतो.

पेनड्राइव्हएवढं छोटं साउंड कार्ड घेतलेल्यांनी मात्र हा भाग नीट वाचावा. त्यांतल्या अनेकांत सी-मीडिया कंपनीची चिप असते आणि अल्सामिक्सरमध्ये 'ऑटो गेन कंट्रोल' नावाचं एक बटण दिसतं. ते चालू असताना तुम्ही बोलायचं थांबलात की कार्ड स्वतःहून संवेदनशीलता वाढवतं आणि पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न वर येतात. पुन्हा बोललात की पहिला शब्द फाटतो. गाण्यात तर हे फार खटकतं: आलाप संपून शांतता येते तिथे तानपुरा फुगत जातो आणि समेवर दबतो. व्हिडिओ कॉलसाठी हे बटण कामाचं आहे. गाणं, वाचन, कीर्तन, काहीही जपून ठेवायचं असेल तर त्या बटणावर जाऊन एम दाबा आणि ते बंद करा.

गाणी वाजतात, माइक घेत नाही

थेट चाचणीत आवाज आला आणि ऑडॅसिटीत येत नाही, ही आमच्याकडची सगळ्यात नेहमीची केस. यासाठी 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हा प्रोग्रॅम उघडा. आमच्या लॅपटॉपवर तो टाकलेलाच असतो. उबंटू 22.10, फेडोरा 34 आणि लिनक्स मिंट 22 पासून पुढे आवाजाचं काम पाइपवायर करतो; उबंटू 22.04 आणि मिंट 21 वर पल्सऑडिओ आहे. हा प्रोग्रॅम दोन्हींवर तसाच चालतो.

आधी शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबवर जा. तिथे प्रत्येक कार्डाला एक प्रोफाइल असतं. त्यात फक्त 'आउटपुट' लिहिलेलं असेल तर लिनक्स त्या कार्डाकडे नुसता स्पीकर म्हणून बघतंय. आवाज बाहेर जाणार, आत काही येणार नाही. प्रोफाइल 'डुप्लेक्स' करा, किंवा आउटपुट आणि इनपुट दोन्ही लिहिलेलं निवडा.

मग 'इनपुट डिव्हाइसेस' टॅबवर कार्डासमोरचं हिरवं टिकचिन्ह दाबा, म्हणजे यापुढे तेच कार्ड पहिलं धरलं जाईल. माइकजवळ टिचकी वाजवली की खालची पट्टी हलायला हवी.

आता ज्या पायरीवर बहुतेक जण अडतात ती. 'रेकॉर्डिंग' टॅब रिकामा दिसतो, म्हणून लोक तो बंद करतात. तो रिकामाच असणार, कारण त्यात फक्त त्या क्षणी रेकॉर्ड करणारे प्रोग्रॅम दिसतात. ऑडॅसिटीत लाल बटण दाबा, रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मग या टॅबवर या. ऑडॅसिटीची ओळ दिसेल, तिच्या उजवीकडे ती कुठून ऐकतेय ते लिहिलेलं असेल. तिथे लॅपटॉपचा आतला माइक असेल तर बदला. 'मॉनिटर ऑफ' अशी सुरुवात असेल तर ऑडॅसिटी माइक नव्हे, स्पीकरला जाणारा आवाज टिपतेय. एकदा बरोबर निवडलं की पुढच्या वेळी सहसा तेच लक्षात राहतं.

ऑडॅसिटी उघडी असताना कार्ड लावलं तर तिच्या यादीत ते येत नाही. 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस' करा किंवा ती बंद करून उघडा.

एकाच कानात आवाज

ही तक्रार घेऊन येणारे कार्ड परत करायच्या तयारीने येतात, आणि कार्ड धडधाकट असतं. दोन इनपुटच्या कार्डात पहिलं इनपुट डाव्या चॅनेलवर आणि दुसरं उजव्यावर जातं. एकच माइक लावून स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं की उजवी बाजू रिकामी राहणारच. पहिल्या इनपुटवर माइक असेल तर ऑडॅसिटीत मोनो निवडा आणि रेकॉर्ड करा. आवाज निम्मा येतोय असं वाटलं तर स्टिरिओतच रेकॉर्ड करून ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा आणि रिकामा ट्रॅक काढून टाका. आधी झालेलं रेकॉर्डिंगही याच वाटेने वाचतं, पुन्हा गायला बसायची गरज नाही.

गायक एका माइकवर आणि हार्मोनियम दुसऱ्यावर असेल तर हेच वेगळे चॅनेल वरदान आहेत. दोन्हींची पातळी नंतर वेगवेगळी लावता येते.

खरखर, तुटणं, उशिरा ऐकू येणं

पाइपवायर मुळात 48,000 हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर चालतो. ऑडॅसिटीचा प्रोजेक्टही 48,000 वर ठेवा, म्हणजे मध्ये विनाकारण रूपांतर होत नाही. तरी आवाज तुटत असेल तर पाचवी आज्ञा, पीडब्ल्यू-टॉप, चालू ठेवून रेकॉर्ड करा. 'ईआरआर' या रकान्यातला आकडा वाढत असेल तर लॅपटॉपला वेळेत काम उरकत नाहीये. ब्राउझर बंद करा, बफर (आवाज पुढे देण्याआधी क्षणभर साठवायची जागा) वाढवा. 1024 नमुन्यांचा बफर 48,000 हर्ट्झवर सुमारे 21 मिलिसेकंदांचा होतो. नुसत्या रेकॉर्डिंगला 2048 केला तरी बिघडत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफरच्या मागे लागू नका. कार्डावर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते चालू करा आणि ऑडॅसिटीतलं 'प्लेथ्रू' बंद करा. मग आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता कार्डातूनच थेट कानात येतो.

एकसारखा घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर दहा सेकंद रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर तो विजेच्या 50 हर्ट्झचा आहे. जुन्या वाड्यांत, सभागृहांत आणि मांडवात अर्थिंग नसलेला किंवा सैल सॉकेट नेहमी भेटतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिथे रेकॉर्डिंग करायचंच असेल तर बॅटरी पूर्ण भरून न्या. मांडवातल्या मिक्सरमधून आवाज घेणार असाल तर तो माइकच्या इनपुटला देऊ नका, 'लाइन'ला द्या. नाहीतर गेन शून्यावर असूनही आवाज फाटलेलाच येईल.

पातळी लावताना गायकाला सगळ्यात वरची जागा गायला सांगा आणि तिथे मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहील असा नॉब ठेवा. कमी पातळीचं रेकॉर्डिंग नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

दुकानात येताना

एवढं करूनही अडलं तर कार्ड एकटं आणू नका. नेहमीचा माइक, नेहमीची वायर आणि लॅपटॉप सोबत आणा, कारण बिघाड अनेकदा जोडणीत असतो आणि आमच्या वायरीवर तो दिसत नाही. यायला जमणार नसेल तर पहिल्या दोन आज्ञांनी काय दाखवलं त्याचा फोटो आणि थेट चाचणीची फाइल पाठवा. फाइल वेव्हच असू द्या. व्हॉट्सअॅपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, लॅपटॉपसमोर फोन धरून केलेला व्हॉइस मेसेज नको. मूळ फाइलमधली खरखर ऐकूनच ती वायरीची आहे की बफरची, हे आम्हाला सांगता येतं.