जुना मिक्सर म्हणजे आपोआप ‘ऊब’?

जुना अ‍ॅनालॉग मिक्सर (अनेक माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारं यंत्र) घेतला की आवाजाला आपोआप ऊब येते, हा समज काही केल्या जात नाही. मिक्सर बनवणाऱ्यांची धडपड मात्र आवाज जसाच्या तसा पुढे पाठवण्याचीच असे. ‘ऊब’ म्हणतात ती बहुधा आवाजाच्या मार्गातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे किंवा सर्किट जोरात चालवल्यामुळे येणारी सौम्य विकृती. १९८० नंतरच्या कित्येक स्वस्त मिक्सरमध्ये असा ट्रान्सफॉर्मर नसतोच. टीएल०७२ सारख्या साध्या आयसी (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या चिप) असतात. वयाने मिळतं ते वेगळंच: सर्किटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले विद्युतभार साठवणारे भाग) सुकतात, पॉवर सप्लाय गुणगुणू लागतो. (खरखरणारा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, अनेकदा सफाईने सुधारतो, त्याला घाबरू नका.) घेण्याआधी अर्धा तास चालू ठेवून एकेक चॅनेल हेडफोनवर ऐका. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग (प्रत्येक आवाज वेगळा नोंदवणं) करायचं असेल तर चॅनेलला डायरेक्ट आउट (त्या चॅनेलचा आवाज वेगळा बाहेर देणारा जॅक), निदान इन्सर्ट (आवाज मध्येच बाहेर काढून परत आत घेणारा जॅक) तरी, आहे का बघा.